पडद्याआडची न्याहारी

लालबागच्या त्या हॉटेलात बायकांनी बाहेरच्या टेबलांवर बसायची पद्धत नव्हती. मनाई कुणी केली नव्हती, पण एखादी बसलीच तर सगळ्या माना तिच्याकडे वळत. म्हणून मागच्या बाजूला लाकडी फळ्या ठोकून तीन खण केलेले होते. प्रत्येकाला हिरवा पडदा आणि वर पाटी, 'फॅमिली रूम. फक्त कुटुंबासाठी.' त्या पाटीने माझ्या आयुष्याचा विचका केला, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. पण पाटी बिचारी काय करणार? तिच्याखाली जाऊन बसलो आम्ही.

साल सत्तावन्न असेल. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. तो गिरणीत तिसऱ्या पाळीला. आमची ओळख वाचनालयातली. एकच पुस्तक दोघांना हवं होतं आणि दोघंही हटून बसलो, तिथून सुरुवात. त्याची पाळी सकाळी सातला सुटायची, माझी शाळा आठला भरायची. मधे जो काही वेळ उरे तो आमचा. रस्त्यात उभं राहून बोलायची सोय नाही, कारण अख्ख्या लालबागला डोळे. मग एके दिवशी तो म्हणाला, "चल, मिसळ खाऊ."

गल्ल्यावर मालक होते. मालवणकडचे, चष्मा कायम कपाळावर, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पाटीकडे बोट केलं. "ही कोण तुझी?"

"बहीण," तो म्हणाला. इतक्या झटकन म्हणाला की मला हसूच आवरेना.

पडदा ओढल्यावर मी म्हटलं, "दादा, बसू का रे?" तो म्हणाला, "दादा कसला? तू आठ महिन्यांनी मोठी. ताई म्हणायला हवं तुला." वेटरने नेमकं तेवढंच ऐकलं आणि त्या दिवसापासून मी हॉटेलभर ताई झाले. मालक ताई म्हणायचे, वेटर ताई म्हणायचा, आणि ऑर्डर देताना भटारखान्याकडे तोंड करून ओरडायचा, "फॅमिलीत दोन मिसळ! ताईची झणझणीत, भावाची कमी तिखट!" रात्रभर जागून त्याचं पोट जळजळायचं, त्याला तिखट सोसत नसे. मला मात्र तर्री वरून लागायची. पुढे जे घडलं ते मला खरं म्हणजे तेव्हाच कळायला हवं होतं.

पण ते दिवस सुखाचे होते, खोटं कशाला सांगू? त्याच्या भुवयांत, कानामागे कापसाचे तंतू अडकलेले असत. मी ते एकेक करून काढायची. वेटरची चाहूल लागली की हात मागे आणि चेहरे सरळ. "आईचं पत्र आलं का रे?" मी मोठ्याने विचारायची. "आलं की. तुझी आठवण काढलीये," तो म्हणायचा. वेटर गेला की आम्ही पावाचा तुकडा तोंडात कोंबून हसू दाबत असू. त्याची आई कोकणात, मला तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. पाहिलं असतं तर तिने दारातूनच परत पाठवलं असतं, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

कारण आमच्या घरातले देव त्याच सुमारास उतरले होते आणि त्या जागी बुद्धाची तसबीर लागली होती. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. लहानपणी गावात त्यांनी हॉटेलाच्या बाहेर, खुंटीला टांगलेल्या वेगळ्या कपातून चहा प्यायलेला. मुंबईला आल्यावर त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. कुठल्याही हॉटेलात गेलं की बरोब्बर मधल्या टेबलावर बसायचं, पाठ ताठ ठेवून, चहा संपेपर्यंत. आणि त्यांची लेक रोज सकाळी पडद्याआड, दुसऱ्याच्या घरची मुलगी म्हणून मिसळ खात होती. 'शाळेत प्रार्थनेची तयारी असते' असं सांगून मी घरातून लवकर निघायची. प्रेम केल्याची मला आजही लाज नाही. पण वडिलांचं नाव त्या उंबऱ्याबाहेर चपलेसारखं काढून ठेवलं, त्याची आहे.

मी त्याच्यामागे लकडा लावला होता, असं नाही. वर्षातून दोन-तीनदा विचारायची, "घरी कधी सांगणार?" त्याचं उत्तर ठरलेलं असे. "मुंबईसह महाराष्ट्र होऊ दे. ते झालं की पहिलं काम हे." तेव्हा सगळ्या गिरणगावाच्या तोंडी तेच होतं, त्यामुळे मला ते लांबणीवर टाकणं वाटलंच नाही. उलट वाटायचं, किती मोठ्या गोष्टीला बांधलंय याने आपल्याला! सभांना तो पहिल्या रांगेत. एकदा खांद्यावर लाठीचा हिरवानिळा वळ घेऊन आला, मिसळीचा चमचा उचलवेना. मी भरवलं.

मग सत्याग्रहात तो पकडला गेला. अठरा दिवस आत होता. त्या दिवसांत मी एकटीच जायची, कारण घरी प्रार्थनेचं कारण सांगून झालेलं आणि दुसरीकडे जाणार कुठे? मालकांनी पडदा स्वतः बाजूला केला. "बस गो बाय. भाव तुरुंगात गेलो म्हणून उपाशी ऱ्हवू नको." मी मिसळीकडे बघून रडले. ते पाहून त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. भटारखान्याकडे वळून म्हणाले, "भाव-भयणीची माया बघा!"

मला सोबत म्हणून त्यांनी आपल्या भाचीला आत पाठवलं. गावाहून नुकतीच आलेली, सातवी झालेली, दोन वेण्यांची मुलगी. ती माझ्यासमोर बसून वाटाणे सोलायची. "ताई, तुम्ही मास्तरीण ना? माका पण वाचूक आवाडता," म्हणाली. मी तिला एक पुस्तक दिलं. तिने ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत केलं.

साठ सालचा मे उजाडला. महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली. शाळेला सुट्टी होती, तरी त्या सकाळी मी घरातून निघाले. काय कारण सांगितलं ते आठवत नाही. हॉटेलच्या दाराला झेंडूचं तोरण होतं आणि मालक येईल त्याच्या हातावर शिरा ठेवत होते. मी जांभळ्या काठांची साडी नेसले होते. आज तो बोलणार होता. निदान मालकांना तरी आज खरं सांगू, आणि मग दोघं मिळून घरी जाऊ, असं आमचं आठवड्यापूर्वीच ठरलं होतं.

तो आला. पडद्याआड बसल्यावर म्हणाला, "सांगतो. शिरा खाऊन सांगतो."

तेवढ्यात मालकच दोन बशा घेऊन आत आले. बसले. चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला आणि त्याला म्हणाले, "झिला, तुका तीन वर्षां बघतंय. बापाच्या मायेन बघतंय. लाठी खाल्लंस, तुरुंगात गेलंस. आणि भयणीक जपतंस ता तर मी डोळ्यांनी बघलंय. जो भयणीक जपता तो बायलेक जपता. माझ्या भाचीचा काय ता बोल."

माझा चमचा हातातच राहिला. मला वाटलं, बरं झालं, आता तरी बोलेल. वाक्य केवढंसं होतं. 'काका, ही माझी बहीण नाही.' पोलिसांपुढे छाती काढून उभा राहणारा माणूस, त्याला एवढं जड का जावं? मी त्याच्याकडे पाहिलं. तो शिऱ्यातल्या बेदाण्याकडे बघत होता.

मग म्हणाला, "ताईला विचारा. ती मोठी आहे."

मालक माझ्याकडे वळले. केवढ्या आशेने बघत होते! माझ्या कानांत नुसती घंटा वाजत होती. मी म्हणाले, "मुलगी चांगली आहे." आणि बशीतला सगळा शिरा खाल्ला. का खाल्ला ते मला अजून कळलेलं नाही.

बाहेर फुटपाथवर तो म्हणाला, "तिथं कसं सांगणार होतो मी? त्या माणसाचं तोंड बघितलंस ना?"

"तीन वर्षं होती तुझ्याकडे."

"आई जीव देईल गं."

"तर मग त्यांना मला का विचारायला लावलंस?"

मी त्या हॉटेलात पुन्हा गेले नाही. तोही माझ्या वाटेला आला नाही. रडायला आमच्या खोलीत जागा नव्हती, सात माणसं. मी नळावर कपडे धुताना रडायची.

शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी, मधल्या सुट्टीत, मालक माझ्या वर्गाच्या दारात उभे. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. लग्नाच्या बोलण्यात त्याच्या गावच्या माणसांनी सांगितलंच असणार की त्याला बहीणच नाही. आता हा माणूस मला चार पोरांदेखत काय म्हणेल?

पण ते मुलांच्या बाकावर अंग चोरून बसले आणि म्हणाले, "कळला माका सगळा. त्यानंच सांगितल्यान. सख्खी नाय, मानलेली भयण. रक्ताची नाय म्हणून काय झाला गो? सख्खी करूची नाय ता तू केलंस." त्यांनी पुडकं उलगडलं. आत साडी होती, चिंतामणी रंगाची. "ही करवलीची. आमच्या चेडवान पसंत केल्यान. म्हणाली, मास्तरणीक हो रंग शोभात."

नवऱ्यामुलाची बहीण म्हणून लग्नात मिरवायचं, त्याच्यामागे उभं राहायचं, त्यासाठी ती साडी होती.

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं. अगदी दातांपर्यंत आलं. ते मी बोलले असते तर तो भला माणूस त्या बाकावरून उठू शकला नसता, आणि वर्तमानपत्राचं कव्हर घालणाऱ्या त्या मुलीचं लग्न मोडलं असतं. तिने माझं काय वाकडं केलं होतं? घंटा झाली. मुलं आत येऊ लागली. मी साडी घेतली, त्यांना वाकून नमस्कार केला. लग्नाला गेले नाही.

साडीची घडी मी मोडलेली नाही. मालक आता नाहीत, तो नाही, आणि ती मुलगीही गेल्या वर्षी गेली. म्हणून आता लिहायला हरकत नाही. वाक्य एवढंच होतं. त्याने मानली असेल, काका. मी नव्हतं मानलं.