सहा सत्रांचा कागद

बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात मी केमिस्ट्रीत नापास झाले. निकाल लागल्यावर नांदेडच्या हॉस्टेलमधून तीन दिवस मी घरी फोन केला नाही. चौथ्या दिवशी आईचाच आला.

"कामून फोन न्हाई केलीस? रडून राहिलीस का?"

"आई, मला वर्गात काहीच कळत नाही."

हे खरं होतं. हिमायतनगरजवळच्या आमच्या गावातून मी तालुक्याला अकरावी-बारावी केली. पुस्तकं इंग्रजीत होती, पण सर मराठीत समजावून सांगायचे आणि परीक्षेपुरतं पाठ करून भागायचं. नांदेडला तास सुरू झाला की सगळं इंग्रजीत. फळ्यावरचं मी जसंच्या तसं उतरवून घ्यायची आणि खोलीवर आल्यावर ते कुणा दुसऱ्यानंच लिहिल्यासारखं वाटायचं.

आई गावात अंगणवाडी सेविका. तिचं स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंत. ती म्हणाली, "जे कळत न्हाई ते लिहून ठीव. एकेक करून विचार."

मी दोनशे पानी वही घेतली. अडलेला प्रत्येक शब्द डावीकडे लिहायचा आणि उजवीकडे माझ्या भाषेत त्याचा अर्थ. सॅच्युरेटेड म्हणजे आता यात आणखी मीठ विरघळणार नाही. प्रेसिपिटेट म्हणजे तळाशी बसलेला साका. अर्थ विचारायला मी कधी सरांकडे जायची, कधी प्रयोगशाळेतल्या मावशींकडेही. बाटल्या धुता धुता त्यांना बरंच ठाऊक झालेलं होतं. दुसऱ्या सत्रात मी राहिलेल्या पेपरात पास झाले. तिसऱ्यात पन्नासच्या वर गेले, चौथ्यात साठच्या. सहाव्या सत्राचा मेमो, म्हणजे गुणपत्रक, हातात आला तेव्हा वर्गात माझ्या पुढे दोघंच होते.

मला एम.एस्सी. लातूरला करायची होती. दुसऱ्या वर्षी आमची सहल तिथल्या एका कॉलेजात गेली होती आणि त्यांची प्रयोगशाळा माझ्या मनात भरली होती. पण पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीतही नव्हतं. मग रिकाम्या जागांसाठी स्पॉट राउंडची सूचना लागली. मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायचं, तिथंच यादी वाचणार, तिथंच प्रवेश. आईनं एका दिवसाची सुट्टी टाकली आणि पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो.

गाडीत मी एक कागद तयार केला. सहा सत्रं एकाखाली एक आणि त्यांच्यापुढे गुण. कोणीही बघावं आणि म्हणावं, ही मुलगी वर चढत आलीय.

हॉलमध्ये माझ्या शेजारी औशाची एक मुलगी बसली होती. फायलीतले मेमो क्रमानं लावताना तिचे कागद खाली घसरले. मी उचलून दिले आणि देता देता वाचलेही. पहिल्या वर्षी सत्तरच्या वर, शेवटच्या सत्रात कसेबसे पन्नास. तिनं हसून "थँक्यू" म्हटलं.

नावं पुकारली जाऊ लागली. जागा भरत गेल्या. शेवटी एक जागा उरली आणि आम्हा दोघींना टेबलापाशी बोलावलं. विभागप्रमुखांनी दोन्ही फायली पाहिल्या. एकूण गुणांत ती माझ्यापेक्षा पूर्ण एक टक्काही पुढे नव्हती, पण पुढे होती.

मी माझा कागद त्यांच्यासमोर ठेवला. "सर, हे एकदा बघता का?"

त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला. "छान आहे गं. पहिल्या सत्रातली तू आणि सहाव्यातली तू, दोन वेगळ्या मुली वाटतात. पण यादी सहाही सत्रांच्या बेरजेवर लागते. पहिलं सत्र मला वगळता येत नाही."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं.

"पण सर, हिचे मेमो बघा ना. दरवेळी कमी होत गेलेत. आज जास्त कोणाला येतं? मलाच ना?"

हॉलमधले सगळे बघायला लागले. त्या मुलीनं फायलीवरचा हात घट्ट केला. सरांनी चष्मा काढला.

"तिचे मेमो तपासायचं काम माझं आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तरी माझे कान तापले. त्यांनी तिचा अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

बाहेर कडुलिंबाखाली आईनं मला पाण्याची बाटली दिली. हॉलमध्ये मागच्या बाकावरून तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ती समजूत घालेल.

"अंगणवाडीत लेकराचं वजन चढून राहिलं तर मी काय करते?"

"त्याच्या आईला सांगतेस. खूश होतेस."

"आन् घसरून राहिलं तर?"

मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"त्याच्या घरी जाते. काय झालं ते इचारते. तू इचारलीस का तिला?"

ती मुलगी प्रवेशाचा कागद घेऊन बाहेर आली. मी तिच्याकडे गेले.

"मी तसं म्हणायला नको होतं," मी म्हणाले.

"म्हणलीस ते खरंच हाय की. घटलेतच," ती म्हणाली. रागावलेली दिसत नव्हती, दमलेली दिसत होती. दुसऱ्या वर्षी तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. आई नाही, भाऊ लहान. वडिलांचं आटपून ती औशाहून लातूरला यायची आणि प्रॅक्टिकल अर्धं टाकून परत पळायची. "परीक्षेला बसले हेच लई झालं म्हणते मी. कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

आईनं डबा उघडला. आम्ही तिघींनी तिथंच बसून भाकरी खाल्ली. जाताना ती थांबली.

"नांदेडला एका कॉलेजात परीक्षा आणि मुलाखत घेऊन एम.एस्सी.च्या जागा भरून राहिले. मीबी फॉर्म भरला होता, पण आता जायचं न्हाई. परवा शेवटची तारीख हाय. तू भर."

तिनं मोबाईलवरची सूचना मला पाठवली. त्या कॉलेजातल्या या प्रवेशाबद्दल मला माहीतही नव्हतं.

फॉर्म भरला, परीक्षा दिली. मुलाखतीला टेबलामागे तिघं होते. सहा सत्रांचा कागद पिशवीत होता, पण मी तो बाहेर काढला नाही. त्यातल्या मॅडमनी माझे मेमो चाळले आणि विचारलं, "पहिल्या सत्रात काय झालं होतं?"

काय झालं, हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मी सगळं सांगितलं: कळत नव्हतं, लाज वाटायची, मग वही केली. मॅडमनी दोन शब्दांचे अर्थ विचारले. मी वहीतलेच सांगितले. साका म्हटल्यावर त्यांच्यातले एक सर हसले. "आमच्याकडं पण साकाच म्हणतात," ते म्हणाले.

यादीत माझं नाव शेवटून दुसरं होतं. औशाच्या त्या मुलीला मी फोन करून सांगितलं. ती प्रयोगशाळेत होती, हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं बाई." वडील आता भिंतीला धरून चालतात, हेही तिनं सांगितलं.

एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात माझे गुण पुन्हा खाली आले. फार नाही, पण आले. ह्या वेळी मी त्याच दिवशी घरी फोन केला, आणि दुपारी ग्रंथालयात जाऊन दुसऱ्या सत्राची पुस्तकं आणली.