मिरचीची शुद्ध रोपं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — हाही भित्रेपणाच, नाही का?

बीडजवळच्या एका बियाणे कंपनीत माझी प्रयोगशाळा होती — म्हणजे आहे, अजून आहे. काम मिरचीचं. कळीतले कच्चे परागकण त्यांच्या पिशवीसकट, म्हणजे परागकोशासकट, काचेच्या बशीत वाढवायचे, त्यांतून गर्भ आणि गर्भातून रोप तयार करायचं. अशा रोपाची गुणसूत्रं दुप्पट केली की एका झटक्यात शुद्ध वाण हाती येतो. एरवी शेतात त्याला सहा-सात पिढ्या लागतात. ऐकायला किती सोपं! दोन वर्षं माझ्या बशांमध्ये बुरशीशिवाय काही उगवलं नाही. मालकांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत काही दिसलं नाही तर कुलूप.

कळ्या खुडायला नसीम होती. दहावी शिकलेली, वडिलांचा मांजरसुंब्याला फळांचा गाडा. कळी फार कोवळी असली तर उपयोग नाही, फुगली तर वेळ निघून गेलेली. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवायचे, ती नुसती बोटांत धरून सांगायची. बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं. मला त्याचा राग यायचा — आता सांगायलाच बसले आहे तर हेही सांगते.

मग एका बशीत कोंब आला. मी भिंगाखाली धरला. तो परागकणातून आलेला नव्हता. परागकोशाच्या सालीतून फुटला होता. म्हणजे मूळ संकरित झाडाचीच नक्कल, शुद्ध वाणाशी त्याचा काही संबंध नाही. मी पाहिलं, मला कळलं, आणि बशीवरच्या चिठ्ठीवर मी लिहिलं — ‘परागकणापासून’. का? नोकरी जाईल म्हणून? की दोन वर्षं फुकट गेली हे कबूल करवेना म्हणून? दोन्ही. मालकांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

त्या कोंबाचं झाड झालं आणि त्याचं बी नसीमनं ट्रेमध्ये पेरलं. रोपं वर आली तशी तिनं मला बोलावलं.

“मॅडम, काईंचे देठ जांभळे हायत, काईंचे हिरवे. शुद्ध असती तर सारखी आली असती न्हाई का? तुमीच शिकवलं व्हतं.”

बघते, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मालकांनीच ट्रे पाहिला आणि विचारलं, हे असं कसं? मी म्हणाले, पेरताना दुसरं बी मिसळलं असावं. पेरलं कुणी? मी नसीमचं नाव सांगितलं. खोटं नव्हतंच ते — पेरलं तिनंच होतं! तिनं उद्यापासून यायचं नाही, असं उभ्या उभ्या ठरलं.

बी पुन्हा पेरलं तर खरं बाहेर येईल म्हणून ते झाड मी उपटून टाकलं आणि रोगानं गेलं असं नोंदवलं. मला मुदत वाढवून मिळाली. पुढच्या वर्षी खरी रोपं आली. नसीमनं तिच्या हाताखालच्या बायकांना शिकवून ठेवलेल्या खुणेनं खुडलेल्या कळ्या होत्या त्या. सत्कार माझा झाला. शाल अजून कपाटात आहे.

पण एवढंच असतं तर कदाचित मी गप्पच राहिले असते. मला छळतं ते वेगळंच — तिला काढलं त्या संध्याकाळी मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले होते. का गेले, कोण जाणे. वाटलं होतं, भांडेल, चार शब्द सुनावेल. तिला सगळं ठाऊक असेल, अशीही भीती होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती रडत होती.

“एकेक बी निवडून टाकलं व्हतं, मॅडम. पण चुकलं असंल माजंच. तुमची दोन वर्सं मातीत गेली माज्यामुळं. माफ करा.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. असू दे, म्हणाले, होतं असं.

मी तिला माफ केलं.