दर महिन्याची दहा तारीख

ताईला जाऊन तीन महिने झाले. भेटायला येणाऱ्या बायका निघताना हळूच म्हणतात, "बिचारीचं लग्नही झालं नाही." मी मान हलवते. वाद घालायचा माझा स्वभाव नाही. पण ही बिचारी कोण, ते मला माहीत नाही. माझ्या थोरल्या बहिणीला मी ओळखत होते. तिच्याबद्दल रोज दुपारी दोन-चार ओळी लिहिते आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. आम्ही सक्करदऱ्याला राहायचो. ताई कॉलेजात होती, मी नववीत. घरात पाळीचे तीन दिवस बाहेर बसायची रीत होती. बाहेर म्हणजे मागच्या पडवीत, वेगळी चटई आणि वेगळा तांब्या घेऊन. पडवी उघडी होती आणि शेजारच्या चार घरांची अंगणं तिला लागून होती. कोणत्या घरची कोण कधी बसली हे मुद्दाम कोणी पाहत नसे, पण कोणाच्या नजरेतून सुटतही नसे.

ताईची पाळी वर्षातून तीन-चार वेळाच यायची. जेवण बेताचं असूनही वजन वाढत होतं. हनुवटीवर राठ केस यायचे, ते ती रविवारी आरशासमोर बसून चिमट्याने उपटायची. एकदा ती सात महिने बाहेर बसलीच नाही. तेव्हा शेजारच्या काकूंनी नळावर आईला विचारलं, "काहून वं, तुमची मोठी पडवीत दिसून नाही राहिली? सारं ठीक आहे ना?"

आई अर्धीच बादली घेऊन घरी आली आणि काकूंचं बोलणं सांगितलं. त्या प्रश्नात काय दडलं होतं ते मला कळलं नाही. ताईला लगेच कळलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. लग्न न झालेल्या मुलीची पाळी चुकली की गल्ली एकच अर्थ काढायची. त्या संध्याकाळी आईने कॅलेंडरवर दहा तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला. तेव्हापासून दर महिन्याच्या दहा तारखेला, काही झालेलं नसताना, ताई तीन दिवस पडवीत बसू लागली.

"मले सरकारी सुट्टी लागली," ती मला म्हणायची. "तू घास भांडे." आणि पुस्तक उघडायची. बी.ए.चा बराचसा अभ्यास तिने तिथेच केला.

खरी पाळी भलत्याच दिवशी यायची आणि पंधरा-पंधरा दिवस थांबायची नाही. पण ती दहा तारीख नसायची. म्हणून ताई पोटात कळा येत असताना स्वयंपाक करायची, देवाला फुलंही वाहायची, आणि आई पाठ फिरवून उभी राहायची. माझी आई वाईट नव्हती. भ्यालेली होती.

असं तीन वर्षं चाललं. ताई शाळेत शिकवू लागली. पारशिवनीकडचं एक स्थळ आलं. मुलगा मास्तर, घरी शेती. मुलाच्या आईला ताई फार आवडली. सुपारी कधी फोडायची एवढंच ठरायचं होतं. त्याच सुमाराला ताईला वीस दिवस रक्तस्राव झाला आणि ती वर्गात चक्कर येऊन पडली.

आई आम्हा दोघींना घेऊन लेडी डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी पाळीबद्दल विचारलं तसं ताईच्या आधी आईच बोलली, "दर महिन्याच्या दहा तारखेले येते जी. एक दिवस इकडेतिकडे नाही."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं. रक्त कमी आहे म्हणाल्या आणि टॉनिक लिहू लागल्या. आई उठलीसुद्धा. ताई मात्र खुर्चीतच बसून राहिली.

"डॉक्टर, ते खोटं आहे," ती म्हणाली. "दहा तारीख आईनं ठरवली. गल्लीले दाखवायसाठी. मले चार-चार महिने येतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आई खाली बघत होती. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं, तपासलं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, बोलण्यावर आणि हाताच्या तपासणीवरच निदान व्हायचं. त्या म्हणाल्या, अंडाशयातून दर महिन्याला बीज बाहेर पडायला हवं, ते तुझ्यात पडत नाही, तिथे बारीक गाठी होतात. हार्मोनचा तोल बिघडला आहे. केस, वजन, पाळी, सगळं त्यातलंच. यात तुझी काही चूक नाही.

"मूल?" ताईने विचारलं.

"काहींना होतं, काहींना नाही. आज सांगता येणार नाही."

रिक्षात आई म्हणाली, "लग्न होईपर्यंत तोंड बंद ठेव. मग होते सारं बरोबर."

"मुलाच्या आईले मीच सांगणार," ताई म्हणाली.

आणि तिने सांगितलं. मुलाची आई सुपारीचा दिवस धरायला आली होती. ताई समोर बसली आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं सांगून मोकळी झाली. त्या बाईंनी कपबशी खाली ठेवली.

"तू हे काहून सांगितलं, बाई? मले कोणी सांगितलं नसतं."

"मागाहून कळलं असतं तर तुम्ही मले खोटी म्हटलं असतं, मावशी. अन् ते खरंच राहिलं असतं."

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं, तूर्त योग दिसत नाही. आई महिनाभर ताईशी बोलली नाही. गोष्ट गल्लीत पोचली. नळावर काकू म्हणाल्या, "पोट्टी शिकली अन् घरचं सारं दोरीवर वाळत घातलं." ताईने ते ऐकलं, बादली भरली आणि घरी आली. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या ती वेळेवर घ्यायची. दहा तारखेला पडवीत बसणं तिने बंद केलं.

दिवाळीनंतर एका सकाळी पारशिवनीकडच्या त्याच बाई दारात उभ्या राहिल्या. सोबत सतराएक वर्षांची त्यांची धाकटी मुलगी, पदराने हनुवटी झाकून.

"हिलेही तसंच आहे," त्या म्हणाल्या. "कोणाले विचारू समजेना. मोडलेल्या सोयरिकीच्या घरी यायची लाज वाटून राहिली होती. पण खरं बोलणारं माणूस दुसरं माहीत नाही मले."

ताईने शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली. ती चप्पल घालत होती तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"थांब, मीही येते," आई म्हणाली आणि त्या बाईंकडे वळली. "तिथं डॉक्टरीण विचारन तवा पोरीलेच बोलू द्या जा. मी मधात बोलली होती. खोटं बोलली होती."

ताईने आईचा हात धरून तिला पायरी उतरवली, जरी आईला तशी गरज नव्हती.

दोन रिक्षा कराव्या लागल्या. मी कॉलेज बुडवून मागच्या रिक्षात दोघी आयांच्या मध्ये बसले. पुढच्या रिक्षात ती मुलगी ताईला काहीतरी विचारत होती आणि ताई तिच्याकडे वळून, न थांबता, उत्तरं देत होती.