काचेत मढवलेली चिनी नोट

सोनगीरच्या फाट्यावर धुळ्याची एसटी थांबली तेव्हा माझी पेटी वडिलांनी, आबांनी, स्वतः टपावर चढवली. "जीवले जपजो, भाऊ," एवढंच म्हणाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तोही शिष्यवृत्तीवर थेट चीनला निघालेला.

बीजिंगमध्ये तेव्हा दोन प्रकारचा पैसा होता. तिथल्या लोकांच्या साध्या नोटा, आणि परदेशी माणसाने डॉलर मोडले की बँक देई ती विनिमय प्रमाणपत्रं. दिसायला नोटच, पण मुख्यतः परदेशी लोकांसाठीच्या दुकानांत चालणारी. आता सरकारने ती बंद केली आहेत आणि संग्राहक ती शोधत फिरतात. नदी-डोंगरांचं चित्र असलेलं एक मी पहिल्याच वर्षी आबांना पाठवलं होतं, नुसतं पाहायला. त्यांनी ते काचेत मढवून पुढच्या खोलीत लावलं.

सुट्टीत घरी आलो, तेव्हा त्याच खोलीत माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, पाहायला मंडळी आली. मुलाच्या वडिलांची नजर त्या फ्रेमवरून हटेना. चहा पिता पिता ते म्हणाले, "पोऱ्या चीनमा शे. स्कूटर तं हुईच जाई ना, आबा?"

आबा माझ्याकडे पाहू लागले. मी गप्प राहिलो असतो तर लग्न तिथेच ठरलं असतं. पण मग स्कूटर आणायची कुठून?

"काका, ती नोट इथे चालत नाही," मी म्हणालो. "तिथेही सगळीकडे चालत नाही. मी कमावत नाही, शिकतोय."

"मंग हाई काय, लगनपत्रिका शे का?" मुलाच्या वडिलांनी फ्रेमकडे बोट दाखवलं.

सगळे हसले. आबा हसले नाहीत. तेवढ्यात सुमन आतून आली आणि पाहुण्यांचे अर्धे भरलेले कप उचलून घेऊन गेली.

मंडळी गेल्यावर आई म्हणाली, "आजच बोलानं व्हतं का तुले?" पुढे नकार आला. सुमनचं अजून कुठे ठरलेलं नाही. मी बरोबर केलं का, हे तिला विचारायचं धाडस मला होत नाही.

माझ्यासारखे जे गाव सोडून गेले, त्यांना मात्र एक सांगावंसं वाटतं. सुट्टीत आल्यापासून घरचे मला पाट मांडून, नव्या ताटात, पाहुण्यासारखं वाढत होते. त्या संध्याकाळी आईने माझी जुनी, पोचे आलेली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली माझ्यापुढे आदळली आणि तोंड फिरवून बसली. त्या ताटलीत जेवताना मी पुन्हा घरचा झालो.

बीजिंगमध्ये कुणी माझ्यावर असं रागावत नाही.