फीडरबाय

"लाईट गेली" असं कुणी म्हटलं की फीडरबाय त्याला मधेच अडवायची. "गेली नाय. मी बंद केलीय. तुमच्या तारेवर माणूस चढलाय." फोनवर सरपंच असो नाहीतर मंगल कार्यालयाचा मालक, उत्तर तेच आणि आवाजही तोच. पेणकडच्या जिते गावाजवळच्या आमच्या सबस्टेशनात ती ऑपरेटर होती. गावोगाव जाणाऱ्या लाइनी, म्हणजे फीडर, चालू-बंद करणं तिच्या हातात. म्हणून लाइनमननी तिचं नाव फीडरबाय पाडलं होतं. खरं नाव हजेरीपटापुरतं.

तिचं माहेर गडबच्या खाडीकडचं, वडील मिठागरावर. आयटीआयच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. लाईट गेल्यावर चिडून आलेल्या लोकांना ती फाटकाबाहेर ठेवायची नाही, आत आणून खुर्च्या द्यायची आणि खिडकीतून यार्डातला ट्रान्सफॉर्मर दाखवायची. "वीज इथं बनत नाय. वरून तेहतीस हजार व्होल्टनं येते, आमी ती अकरा हजारावर उतरवून वाटतो. भरतीचं पानी थेट लहान वाफ्यात घेतलं तर मीठ होईल का? बांधच जाईल!" मिठागर पाहिलेल्या माणसाला एवढं पुरे. निम्मे लोक शांत होऊन परत जात.

मी पेणच्या शिक्षकाचा मुलगा. इंजिनिअर होऊन पहिल्याच नेमणुकीवर तिथं आलो. पाऊस होता, मी छत्री उघडून ऐटीत यार्डात शिरलो. मागून हाक आली, "साहेब, छत्री मिटा! वरती जिवंत तारा हायत. भिजलात तर सुकाल." मी छत्री मिटली. मनातून मात्र चरफडलो.

पुढे गणपतीच्या आठवडाभर आधीची दुपार. आमच्या एका फीडरवर मूर्तींचे बरेच कारखाने होते. झाडाची फांदी पडून तार तुटली, आणि सुरेश लाइनमनने फोनवरून बायकडे परमिट घेतलं. म्हणजे त्याच्या नावावर लाइन बंद. त्याने स्वतः परमिट परत दिल्याशिवाय ती चालू करायची नाही. दोन तास गेले. रंगाचे कॉम्प्रेसर बंद पडलेले, कारखानदार फाटकाशी जमलेले, वरच्या साहेबांचे मला फोनवर फोन. तेवढ्यात फांदी तोडायला गेलेला दुसरा लाइनमन मला फोनवर म्हणाला, "झालं काम, साहेब." सुरेशचा फोन लागत नव्हता. मी माझ्या ऑफिसातून बायला फोन केला, "लाइन चालू करा."

"सुरेशनं परमिट परत दिलं नाय."

"काम झालंय. मी जबाबदारी घेतो."

"जबाबदारी तुमी घ्याल हो. शॉक त्याला बसंल."

मी तडक सबस्टेशनात गेलो. ती पॅनेलसमोर उभी होती. बाजूला झाली नाही. "लेखी देतो मग," मी ओरडलो. तिने शांतपणे कोरा कागद आणि पेन पुढे केलं. मी लिहायला लागलो. अर्धी ओळ झाली असेल, टेबलावरचा फोन वाजला. सुरेशच होता, कुण्या शेतकऱ्याच्या मोबाइलवरून. त्याचा स्वतःचा मोबाइल भातशेतातल्या पाण्यात पडला होता. "बाय, एक तार राहिलीय. पुन्ना चढतोय. आजून अर्धा तास."

बायने फोन माझ्या हातात दिला. "बोला, साहेब."

मी फोन ठेवला आणि तो अर्धा लिहिलेला कागद फाडून टाकला.

तासाभराने लाइन चालू झाली. फाटकाशी जाऊन बाय लोकांना म्हणाली, "मानूस पोलवर होता. साहेबांनी थांबवलं म्हणून वाचला." लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं मला पुढे सहा वर्षं टोचत होतं. त्या सहा वर्षांत परमिट परत आल्याशिवाय मी कुणाला लाइन चालू करायला सांगितलं नाही. पण सुरेशच्या डोळ्याला डोळा भिडवणंही मला जमलं नाही.

दरम्यान माझी रोह्याला बदली झाली, तिथं जवळच वरसे गावात बिऱ्हाड केलं. यंदा बाय निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेलो, आणि दोन शब्द बोलायला उभा राहिलो तेव्हा सगळं सांगून टाकलं: त्या दिवशी माणूस बायने वाचवला, मी तर हुकूम लिहायला बसलो होतो. बाय मान खाली घालून पदराशी चाळा करत होती.

जेवणाच्या वेळी सुरेश ताट घेऊन माझ्याकडे आला. तो काय बोलेल या धास्तीने मी उठून उभा राहिलो.

"बसा, साहेब," तो म्हणाला. "मला बायनं त्याच सांजेला सांगितलं होतं."

"मग तू कधी बोलला नाहीस?"

"बायच बोल्ली, राग धरू नको. पोर नवीन हाय, हुशार हाय. शिकंल."