सुटणारी गाठ

कर्जतला आमच्या शेजारी राहणारी मावशी गोधडी शिवायची नाही, बांधायची. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची आणि वितीवितीवर दोरा आरपार ओवून गाठ मारायची. बोलणं थोडं, तेही दातांत दोरा धरून.

"शिंप्याच्या मशीनवर तासाभरात होईल की," मी एकदा म्हणालो.

"मशीन कापडाची चाळण करतं, गुरुजी. गाठ सोडली की लुगडं परत लुगडं ऱ्हातं."

मला तो नुसता हट्ट वाटला होता. मग दुष्काळ पडला, आणि तिनंच बांधून दिलेल्या गोधड्या काखेत मारून बायका तिच्या दारात येऊ लागल्या. खडी फोडायच्या कामावर जायला त्यांच्या अंगावर धड लुगडं नव्हतं. मावशी गाठी सोडून लुगडी मोकळी करून द्यायची.

एक बाई आली ती रिकाम्या हातानं. मावशीनं आतून स्वतःची गोधडी आणली. तिच्या मधल्या थरात बाळंतपणात गेलेल्या लेकीचं हिरवं लुगडं होतं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. गाठी लई आवळलेल्या.

"न्हाई सुटत, ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाली.

"सुटत्यात."

दुपारपर्यंत तिनं दातांनी सोडवल्या, एकही कापली नाही.

पुढे मावशीही खडीवर जाऊ लागली. शाळा सुटल्यावर मी त्याच रस्त्यानं यायचो. ती नेमकी त्या हिरव्या लुगड्याच्या मागं बसायची आणि त्या पाठीकडं बघत हातोडा चालवायची. बाईनं मान वळवली, की मावशी चटकन खाली बघायची.