शेवटच्या पानावरचं नाव

मला दिसत नाही. माझं बी.ए. झालं ते कर्जतच्या कॉलेजातल्या ग्रंथालयाच्या शिपाईकाकांच्या आवाजात. सकाळी कामावर निघण्याआधी ते घरी बसून मोबाईलवर माझी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. मागे कोंबडा आरवत असायचा. छापलेलं तर वाचायचेच, पण पानावर जे जे दिसेल तेही सांगायचे. "इथं चहा सांडलाय गं. बाजूला कुनी पेन्सिलीनं लिवलंय, हा प्रश्न येनार नाय." मग स्वतःच भडकायचे, "यांच्या बापाचं पुस्तक हाय का!" पुस्तकात साधी रेघ मारणाऱ्यालाही ते ग्रंथालयाबाहेर काढत.

आता माझा मोबाईलच मला पुस्तकं वाचून दाखवतो. भराभर आणि स्वच्छ. त्यात कुठेही चहा सांडलेला नसतो.

काकांचं शेवटचं रेकॉर्डिंग मात्र मी जपून ठेवलंय. त्यात ते म्हणतात, "संपलं बाय पुस्तक. मागच्या पानावर वाचनाऱ्या पोरांनी आपापली नावं लिवलीत." मग पेनाचं टोपण काढल्याचा आवाज येतो. थोडा वेळ नुसता कोंबडा.

"तुजं पन लिवलं गं."